चाकामागे लोणच्याची बरणी

जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुम्ही पाठीवर आडवे झाला आहात. खाली गोणपाट आहे, ते मानेला टोचतंय. नाकाच्या वीतभर वर छत नाही की आभाळ नाही, एका मोटारीचं पोट आहे. काळं, तेलकट, जागोजागी तपकिरी पापुद्रे सुटलेलं. मोटार वरून कितीही देखणी असली तरी पोट असंच असतं. आता हात वर करा आणि एका पापुद्र्याला हळूच बोट लावा. चुर्र! सगळा भुगा तोंडावर. म्हणूनच आबांनी अबोलीला आधी मोठा प्लास्टिकचा चष्मा लावायला दिला होता आणि मगच गाडीखाली शिरू दिलं होतं.

तेही लगेच नाही. आधी जॅकनं गाडी उचलली, मग चारही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या आणि गाडीचा भार हलकेच त्यांच्यावर टेकवला. आबांनी गाडीला खांद्यानं धक्का देऊन पाहिला. गाडी हलली नाही.

"जॅक उचलायले आणि घोडी धरायले," आबा म्हणाले. "एकाचं काम दुसऱ्याले सांगायचं नाही. आता जा."

अबोली सहावीत होती. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या घरात वरच्या मजल्यावर ती आणि तिचे आईबाबा, खाली आजी-आबा. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या, आईबाबा ऑफिसात जायला लागले होते, आणि अबोलीचा सगळा दिवस खाली अंगणात, आबांच्या फिकट निळ्या फियाटपाशी जात होता. आबांचं खरं नाव गिरिधर, पण आजी सोडून सगळी गल्ली त्यांना आबाच म्हणायची. निवृत्त झाल्यापासून ते ही गाडी एकेक अवयव करून जिवंत करत होते. इंजिन सुरू झालं होतं, पायाचे ब्रेक लागत होते, दिवे लागत होते. हॉर्न तर मनात येईल तेव्हा आपला आपणच वाजत होता. राहिला होता फक्त हँडब्रेक.

हँडब्रेक म्हणजे उभ्या गाडीला जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक. आणि या घरात त्या ब्रेकचं नाव काढलं की आजी हसायची तरी, नाहीतर पदर खोचायची तरी.

त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी, अबोलीचे बाबा शाळेत असताना, आबा आणि आजी याच गाडीनं रामटेकला गेले होते. गडाच्या पायथ्याशी चढावर आबांनी गाडी उभी केली, हँडब्रेकची मूठ ओढली आणि पेढे घ्यायला उतरले. आजी आत बसून होती, मांडीवर डबा. आणि गाडी निघाली. मागे. सावकाश, जराही घाई न करता. आजीला गाडी चालवता येत नव्हती. ती नुसती "अहो! अहो!" करत राहिली आणि गाडी जाऊन थांबली ती रुखमाबाई नावाच्या एका बाईच्या शिंगाड्यांच्या टोपल्यांवर. कुणाला लागलं नाही. पण रस्ताभर काळे-हिरवे शिंगाडे पसरले आणि रुखमाबाईनं आबांचा जो उद्धार केला, तो आजीला अजून पाठ होता.

"मी ब्रेक ओढला होता," आबा तेव्हाही म्हणाले आणि नंतरही म्हणत राहिले.

"ओढला होता म्हणे!" हे आजीचं उत्तर. पुढे त्याची म्हणच झाली. आबा म्हणाले, गॅस बंद केला, की आजी म्हणायची, "हो, ओढला होता म्हणे!" आबा म्हणाले, दाराला कडी लावली, तरी तेच. आणि त्या दिवसानंतर यमुताई, म्हणजे अबोलीची आजी, त्या गाडीत कधी बसली नाही. गाडी हळूहळू खिडकीखाली उभी राहिली ती उभीच राहिली.

या दिवाळीत मात्र आबांनी चिवडा खाता खाता विषय काढला. "त्रिपुरी पौर्णिमेले रामटेकले जाऊ म्हणतो. आपल्या गाडीनं."

"तुम्ही जा गाडीनं. मी बसनं येते. कोणीतरी वेळेवर पोचलं पाहिजे."

आबा चिवड्यातले शेंगदाणे बाजूला करत बसले. अबोलीला ते बघवेना.

"आजी, आम्ही हँडब्रेक दुरुस्त केला तर बसशील?"

आजीनं नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग फडताळावरच्या चिनी मातीच्या बरणीकडे. "उतारावर उभी करा गाडी. मागच्या चाकामागे मी ही बरणी ठेवते. वर्षाचं लोणचं आहे यात. आपलं जेवण होईपर्यंत बरणी शाबूत राहिली तर बसते. आणि नाही राहिली, तर ती गाडी भंगारात द्यायची. चालते का?"

"चालते," आबा म्हणाले. पण त्यांचा घास मात्र तसाच हातात राहिला.

तर आता अबोली गाडीखाली होती.

"काय दिसते?" आबांनी विचारलं. ते बाहेर पाटावर बसून खाली वाकले होते.

"दोन तारा. एक उजव्या चाकाकडे चालली आहे, एक डाव्या. दोघींच्या अंगावर काळं आवरण आहे."

"मी मूठ ओढतो. काय हलते ते सांग."

वर कर्र कर्र आवाज झाला. उजवीकडची तार जराशीच ताणली गेली. डावीकडे मात्र आवरणासकट सगळी तार सापासारखी वळवळली आणि परत लोळत पडली.

"आबा, डावी तार नुसती नाचते!"

"तार ओढली गेली ना? मग चाक काहून धरलं नाही?"

आबांची ही जुनी खोड. उत्तर माहीत असलं तरी प्रश्नच विचारायचा. मग त्यांनी अबोलीला बाहेर बोलावलं आणि थेट माजघरात नेलं. तिच्या पायात मोजे होते, खाली गुळगुळीत फरशी होती. आबांनी आजीच्या जुन्या साडीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं आपल्या कमरेला गुंडाळलं. "ओढ मले."

अबोलीनं सगळा जोर लावला. आबा हलले नाहीत. तीच सुळकन घसरत त्यांच्या पोटावर आपटली.

"आता त्या उंबऱ्याले पाय लावून ओढ."

तिनं उंबऱ्याला दोन्ही टाचा टेकवल्या आणि खेचलं. आबा "अगं, अगं" करत दोन पावलं पुढे आले.

"जोर तर तितकाच होता," आबा धापा टाकत म्हणाले. "मग फरक कशाचा?"

"पाय टेकवायला जागा मिळाली."

"बस्स. तारेच्या आवरणाचं तेच. त्याचं टोक एका कडीत बसवलेलं असते, आणि ती कडी गाडीच्या पोटाले पक्की जोडलेली. आवरण तिथं पाय रोवते, म्हणून आतली तार चाकाले ओढू शकते. त्या कडीले मेकॅनिक ब्रॅकेट म्हणतात. आपण उंबरा म्हणू. आणि दोन्ही चाकांची ओढ एकातच बांधलेली आहे. एका बाजूचा उंबरा गेला की दुसरीचाही जोर जाते. जा, आता डावा उंबरा शोध."

अबोली परत शिरली. उजवा उंबरा चटकन सापडला. इंग्रजी एल अक्षरासारखा वाकवलेला, बोटभर रुंदीचा पत्रा, मध्ये भोक, त्यात आवरणाचं टोक घट्ट बसलेलं. तिनं छोट्या हातोडीनं आजूबाजूला टिचक्या मारल्या. टण्, टण्. आजी बाजारात माठ वाजवून बघते तसा खणखणीत आवाज. मग डावीकडे सरकली. इथे आवाज आला भद्द, आणि हातोडीचं टोक आतच गेलं. उंबरा होता, पण गाडीला नव्हता. गंजलेल्या पत्र्याचा लचका घेऊन तो उपटला होता आणि तारेला लोंबकळत होता.

अबोलीनं तो बोटानं हलवून पाहिला. मग ओरडली, "आबा! हा उपटलाय! ब्रेक ओढल्यावर उपटलाय! म्हणजे तुम्ही खरंच ओढला होता!"

मग आबांचा गंभीर आवाज आला, "हे जरा मोठ्यानं सांग. स्वयंपाकघराची खिडकी लांब आहे."

सांगायची गरजच पडली नाही. आजी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर आली होती. तिनं वाकून, अबोलीनं धरलेल्या बॅटरीच्या उजेडात तो लोंबता तुकडा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "ओढला असेल. पण मग एकच बाजू काहून सडली? दुसरी तर चांगली आहे."

हा प्रश्न रास्त होता. अबोली खालून बाहेर सरकली आणि पाठीवर पडल्या पडल्याच तिची नजर वर गेली. गाडीच्या डाव्या अंगाला भिंत. भिंतीत आजी-आबांच्या खोलीची खिडकी. खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर. आणि कूलरखाली, भिंतीवरून थेट गाडीपर्यंत उतरलेला क्षारांचा पांढरा ओघळ.

"आजी," ती म्हणाली, "कूलर."

गाडी पहिल्यापासून तिथेच उभी राहायची. आणि होळी झाली की पहिल्या पावसापर्यंत कूलर रात्रंदिवस चालायचा. टप टप खारं पाणी, उन्हाळ्यामागून उन्हाळे, गाडीच्या एकाच कुशीवर.

"कूलर त्याच खिडकीत पाहिजे असं कोण म्हणलं होतं बरं?" आबांनी आभाळाला विचारलं.

"नागपूरच्या मे महिन्यात कूलरबिगर झोपून दाखवा तुम्ही!"

"मी कुठं काय म्हणून राहिलो?"

"तुमच्या मिशा म्हणून राहिल्या!" आजी म्हणाली आणि कोथिंबीर घेऊन आत गेली. पण जाताना ती हसत होती, हे अबोलीनं पाहिलं.

मग कामाला वेग आला. लग्नसराईतली एक जाड पत्रिका घेऊन अबोली गाडीखाली गेली. उजव्या उंबऱ्याला पत्रिका टेकवून तिनं पेन्सिलीनं आकार काढला, भोकाची जागा गिरवली, घडीची रेघ मारली. कात्रीनं कापून आबांना दाखवलं. आबांनी ते उलटसुलट न्याहाळलं आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास." स्कूटरवर बसून दोघं जरीपटक्याला आबांच्या ओळखीच्या प्रीतम वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये गेले.

"क्या बात है अंकल, असिस्टंट आणली?" प्रीतमनं विचारलं.

"असिस्टंट मी आहे. मिस्त्री ही आहे."

प्रीतमनं पत्रिकेबरहुकूम जाड पत्रा कापला, भोक पाडलं, शिकंज्यात धरून वाकवला. घरी येऊन अबोलीनं तो चमकता तुकडा डाव्या बाजूला लावून पाहिला. आणि पाहतच राहिली. घडी चाकाकडे व्हायला हवी होती, ती भिंतीकडे झाली होती. फिरवून पाहिलं, मग भोक वर गेलं. पुन्हा फिरवलं. काही केल्या जमेना.

आबाही खाली वाकून पाहू लागले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. शेवटी आजीच आली, तिनं उजव्या बाजूचा उंबरा पाहिला, मग हातातला तुकडा पाहिला आणि विचारलं, "दोन्ही उजव्या पायाच्याच चपला आणल्या का वं?"

आबांनी कपाळावर हात मारला. तीन शहाणे, त्यातला एक रोज लोखंड कापणारा, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं की डावा हा उजव्यासारखा नसतो, उजव्याच्या आरशातला असतो.

"अंकल, तुम्ही तर काही बोललेच नाही!" फोनवर प्रीतम म्हणाला.

"तू तरी कुठं बोलला?"

अबोलीनं पत्रिका पालथी केली, घडीची रेघ दुसऱ्या अंगाला मारली, आणि या वेळी लाल पेननं त्यावर ठळक लिहिलं: डावा. वर. चाकाकडे. तो चुकीचा उंबरा तिनं फेकला नाही. खिडकीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतम नवा तुकडा आणि वेल्डिंगची मशीन घेऊन घरीच आला. पेट्रोलची टाकी आबांनी आदल्या दिवशीच काढून लांब ठेवली होती. बॅटरीच्या तारा सोडवल्या, वाळूची बादली जवळ आणली. प्रीतमनं ग्राइंडर लावला आणि सडलेला पत्रा कापायला सुरुवात केली. भोक आधी बोराएवढं होतं, मग पेरूएवढं झालं, मग थाळीएवढं.

"अजून कापणार?" अबोलीचा जीव खालीवर व्हायला लागला. "दुरुस्त करायला आलात ना?"

"गुड्डी, जुन्या विरलेल्या धोतरावर ठिगळ लावलं तर काय होते? ठिगळ राहते, धोतर फाटते. पहले चांगला पत्रा लागू दे, मग जोडू."

चांदीसारखी कड चारही बाजूंनी दिसू लागली तेव्हाच तो थांबला. मग नवा पत्रा बसवला आणि त्यावर नवा उंबरा. वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही म्हणून अबोली घराच्या कोपऱ्याआड उभी होती. शेजारच्या भिंतीवर निळे लखलखाट उमटत होते, तेवढे तिनं पाहिले. सगळं थंड झाल्यावर घासून पुसून लाल रंगाचा पहिला हात तिनं स्वतः मारला, दुसरा हातही तिनंच. रंग वाळल्यावर तारेचं टोक भोकात बसवलं. आबांनी वरून मूठ ओढली, आणि खाली अबोलीनं पाहिलं, तार ताणली गेली, आवरण जागचं हललं नाही.

पेट्रोलची टाकी परत बसली, गाडी घोड्यांवरून खाली उतरली. रविवारी परीक्षा. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता घरापेक्षा उंच झाला होता, त्यामुळे फाटकापासून अंगणापर्यंत चांगला उतार होता. आबांनी गाडी तोंड रस्त्याकडे करून त्या उतारावर चढवली, गिअर काढला, मूठ ओढली आणि एकेक पाय जपून ठेवत खाली उतरले. आजीनं बरणी आणली, डाव्या चाकामागे दोन बोटं अंतर सोडून ठेवली, वर फडकं बांधलं होतं ते नीट केलं.

"चला जेवायला," ती म्हणाली. तिनं पाटवडीचा रस्सा केला होता. अबोलीच्या आईबाबांना त्या दिवशी एका लग्नाला जायचं होतं, म्हणून ताटावर तिघंच. आबांचं लक्ष ताटात नव्हतं. मिठाऐवजी साखर घेतली, ते त्यांना कळलंही नाही. अबोलीनं सर्वांच्या आधी हात धुतला आणि बाहेर धावली.

बरणी होती तिथेच होती. अबोली आनंदानं गाडीला फेरी घालू लागली आणि उजव्या बाजूला, जास्वंदीच्या वाफ्यापाशी, थबकली. वाफ्याच्या कडेला विटांची रांग होती, तिरप्या, दातासारख्या. त्यातला एक दात पडला होता. तिथली माती ओली आणि ताजी होती.

तिनं वळून पाहिलं. उजव्या चाकामागे, घरातून कुणाला दिसणार नाही अशी, ती वीट लावलेली होती.

आजीनं वीट पाहिली, तर जन्मभर "ओढला होता म्हणे" पुरेल. आणि पाहिली नाही, तर आजी अशा गाडीत बसेल, जिला ब्रेकनं धरलंय की विटेनं हे कुणालाच ठाऊक नाही.

"आबा," तिनं हळूच हाक मारली.

आबा आले. तिची नजर कुठे आहे ते पाहून त्यांनी मान खाली घातली. "भीती वाटली वं पोरी. तुझ्या कामाची नाही. माझ्याच नशिबाची."

अबोली त्यांच्यावर रागावली नाही. ती विचार करत होती. मग तिनं आबांसारखाच प्रश्न विचारला, "आबा, आत्ता गाडीला कोण धरून राहिलं? ब्रेक की वीट?"

आबांनी मान वर केली. डोळे बारीक केले. "कसं ओळखशील?"

"वीट घट्ट अडकली असेल तर सगळं वजन तिच्यावर. आणि सहज सरकली, तर तिला काही कामच नाही."

"आणि ती सरकवल्यावर गाडी निघाली तर?"

"तर मी मागे उभी नसेन. आणि तुम्हीही नका उभे राहू."

दारात आजी उभी होती. कधी आली कोण जाणे. हातातलं ओलं फडकं तसंच होतं. बरणीकडेही तिनं पाहिलं नाही, अबोलीकडेच पाहत राहिली.

अबोली गेली आणि कपडे वाळत घालायची लांब काठी घेऊन आली. गाडीच्या मागे नाही, बाजूला, वाफ्यात पाय रोवून उभी राहिली. काठीचं टोक विटेला लावलं आणि हलकेच ढकललं.

वीट ताटावरच्या लाडवासारखी अलगद सरकली आणि चाकापासून हातभर लांब जाऊन आडवी झाली. गाडी जागची हलली नाही. फाटकावरची चिमणीसुद्धा उडाली नाही.

आजी पायऱ्या उतरून खाली आली. तिनं डाव्या चाकामागची बरणी उचलली, पुढचं दार उघडलं, आत बसली आणि बरणी मांडीवर घेतली. मग काचेतून आबांकडे पाहून म्हणाली, "ओढला होता." या वेळी त्याच्यापुढे 'म्हणे' नव्हतं.

आबांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी आधी टोपी काढली आणि मग परत घातली.

आणि अबोलीनं काठी भिंतीला टेकवली, वीट उचलून वाफ्याच्या रांगेतल्या मोकळ्या जागी बसवली आणि टाचेनं भोवतीची माती घट्ट दाबली.